रमन्याची हवा

लग्नाला वर्ष झालं नव्हतं, तेव्हा यांना खोकला लागला. हे जिंतूरच्या सरकारी शाळेत मास्तर होते. दिवाळीनंतर खोकला छातीत उतरला. संध्याकाळी अंगात तापाची कसर राहू लागली, ताटातली भाकरी अर्धी उरू लागली. मामंजींनी यांना छकड्यातून परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली, अजून क्षय झालेला नाही म्हणाले, पण व्हायला वेळ लागणार नाही असंही म्हणाले. शाळेतून रजा घ्या, दूधतूप खा आणि रोज सकाळी गावाबाहेर मोकळ्या हवेत जाऊन बसा, एवढंच त्यांनी सांगितलं.

दूधतूप घरात होतं. हवेचं मात्र कोणालाच कळेना.

"हवेत बसायचं म्हंजे काय करायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही करायचं न्हाई. बसायचं," मामंजी म्हणाले.

माळावर माणसं जात ती गुरं चारायला, नाहीतर सरपणाला. काही न करता बसायला कोणी गेल्याचं सासूबाईंनी ऐकलेलं नव्हतं. शिवाय यांना एकट्यानं जाऊ द्यायचं कसं? वाटेत चक्कर आली तर? मामंजी गावच्या देवळाचे पुजारी, सकाळची पूजा सोडून त्यांना जाता येत नव्हतं. घरात दुसरं पुरुषमाणूस नव्हतं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "सून जाईल संगं."

मी तोवर यांच्याशी दिवसाउजेडी धड चार वाक्यंही बोलले नव्हते. मोठ्यांसमोर बोलायची रीत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी हे पुढं आणि मी पदर सावरत बरीच मागं, अशी आमची वरात गावातून निघाली. ओट्यावर बसलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "मास्तर बायकोला घेऊन हवा खायला जायलेत." माझी मान खाली होती. त्यामुळं गाव कधी संपलं ते मला कळलंच नाही.

टेकड्यांच्या पायथ्याशी सरकारी रमना होता. सरकारच्या घोड्यांसाठी तिथलं गवत राखलेलं होतं, आणि बड्या पाहुण्यांच्या शिकारीसाठी हरणं. चहूबाजूंनी खोल चर खणून त्याच्या मातीचा बांध घातलेला होता. आत जायला एकच वाट, आणि त्या वाटेवर एक अरब पहारेकरी. आमच्याकडं अरबांना सगळे चाऊस म्हणत. कमरेला वाकड्या पात्याचा जंबिया, मेंदीनं रंगवलेली दाढी. गावातली पोरं त्यांच्या नावानं रडायची थांबत.

"मास्तर, बाईमाणसाला इथं कायको आणलं?" त्यांनी विचारलं. "ये सरकारी रमना हाय. बाग न्हाई."

यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. हे बांधाला धरून खाली बसले. चाऊस बघत उभे राहिले. मग आपल्या झोपडीत गेले, पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि माझ्यापुढं जमिनीवर ठेवून चार पावलं मागं सरले. आम्ही त्यांच्या हातचं पाणी पिऊ की नाही, हे त्यांनी आमच्यावर सोडलं होतं. यांनी तांब्या उचलला आणि प्यायले.

"बांधावर बसा," चाऊस म्हणाले. "आत जायचं न्हाई. कुणी सायेब आला तर मी तुमाला पाहिलं न्हाई."

मी यांना हात देऊन बांधावर चढवलं आणि वर गेल्यावर मान उचलली.

माझं माहेर नदीकाठचं, दाट वस्तीचं. आभाळ मी पाहिलं होतं ते अंगणातून, भिंतींच्या मधलं. इथं ते चारी बाजूंनी जमिनीपर्यंत उतरलं होतं. मधे एक झाड नाही, एक घर नाही. वाळत आलेलं पिवळं गवत कमरेइतकं वाढलेलं, आणि त्यावरून वारा जाताना दिसत होता. वारा दिसतो हे मला माहीत नव्हतं. तो लांबून गवत वाकवत यायचा, आपल्या अंगावरून जायचा आणि मागं पुन्हा गवत उभं राहायचं. मी यांच्या शेजारी बसले आहे, डोक्यावरचा पदर पडला आहे, हे काही माझ्या ध्यानात राहिलं नाही.

"भीती वाटायलीय का?" यांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "एवढं मोठं असंल असं वाटलं नव्हतं."

त्यावर हे हसले. माझ्याकडं बघून हसताना मी यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग आम्ही रोज जाऊ लागलो. गावाच्या शेवटच्या घरापर्यंत मी मागं चालायची, तिथून पुढं आम्ही बरोबर चालायचो. बांधावर बसलं की हे बोलायचे. लहानपणी शाळेत उर्दू येत नाही म्हणून खाल्लेला मार, परभणीच्या स्टेशनात पहिल्यांदा पाहिलेलं इंजिन, असलं काहीबाही. मी माझ्या माहेरचं सांगायची. खोकला आला की थांबायचे, मग जिथं सोडलं तिथून पुढं.

पहिल्यांदा हरणं दिसली तेव्हा थंडी होती आणि गवतावर धुकं होतं. धुक्यातून काहीतरी वर उडालं आणि खाली गेलं. मग दुसरं उडालं. मला वाटलं, पलीकडं कोणीतरी काही फेकतंय. यांनी माझा हात दाबला. धुकं थोडं विरळ झालं आणि पुढचा सगळा माळ हरणांनी भरलेला दिसला. तांबूस पाठीच्या माद्या, त्यांच्यामधे काळेभोर नर, पिळदार शिंगं मागं टाकून चालणारे. कशानं बिचकलेली कोण जाणे, एकेक हरिण चारी पाय एकदम उचलून सरळ वर उडी घेत होतं, माणसाच्या डोक्याइतकं उंच, आणि खाली येताना जराही आवाज होत नव्हता. यांचा खोकला त्या सगळ्या वेळात एकदाही आला नाही, हे मला नंतर घरी गेल्यावर आठवलं.

चाऊसांना याचं काही वाटत नसे. "जनावर हाय, उडतं," ते म्हणायचे. त्यांचं चित्त त्यांच्या मुलखात होतं. वडिलांनी तिथल्या समुद्राचं सांगितलेलं ते आम्हाला सांगत. स्वतः त्यांनीही तो पाहिलेला नव्हता.

पौष सरत आला असताना एका सकाळी आम्ही पोचलो तर चाऊस नवा साफा बांधून उभे होते. "आज वापस जावा. हैदराबादचे सायेब शिकारीला येणार," ते म्हणाले. पण त्याच वेळी मागच्या रस्त्यावर मोटारींची धूळ दिसली. परत जायची वाट तीच होती. चाऊसांनी आम्हाला बांधाच्या बाहेरच्या अंगाला, चराच्या कडेला बसवलं आणि हलू नका म्हणून बजावलं.

मोटारी आत गेल्या. बराच वेळ नुसता घरघराट ऐकू येत होता. मग बंदुका वाजल्या. आणि त्यानंतर जमीन थरथरायला लागली. मी बांधावरून डोकं वर काढलं. सगळा कळप आमच्याच दिशेनं येत होता.

यांनी मला खाली ओढलं. आम्ही बांधाला पाठ लावून, अंग चोरून बसलो. पुढच्याच क्षणी आमच्या डोक्यावरून हरणं जायला लागली. बांधावर एक टाप टेकायची आणि चर ओलांडून पार पलीकडं. पांढरी पोटं, आखडून घेतलेले पाय, नाकपुड्यांतली वाफ, हे सगळं माझ्या हाताच्या अंतरावरून चाललं होतं. अंगावर मातीची ढेकळं पडत होती. एवढं मोठं आभाळ हरणांनी झाकून गेलं. मला मरणाची भीती वाटायला हवी होती. पण मी डोळे मिटले नाहीत, मिटवेनातच. आपल्याला हे दिसतंय, एवढंच मनात होतं.

सगळ्यात शेवटची एक लहान मादी होती. तिची उडी कमी पडली आणि ती पलीकडच्या काठावर आपटून चरात कोसळली. उठायला गेली, पाय घसरले. मी चरात उतरले. का उतरले, ते मला सांगता येणार नाही. अंगावरची धाबळी काढून तिच्या डोक्यावर टाकली आणि तिच्याजवळ बसून तिला धरून ठेवलं. डोळे झाकल्याबरोबर ती निपचित पडली. माझ्या तळहाताखाली तिचं काळीज असं धडधडत होतं की माझा हात हलत होता.

बांधाच्या आतल्या बाजूनं बुटांचा आवाज आला. एक शिकारी साहेब बंदूक घेऊन चालत येत होते, मागं चाऊस.

"इधर एक हिरनी गिरी?" त्यांनी यांना विचारलं.

हे उठून उभे राहिले. सरकारी नोकर माणूस. खोटं बोलणं यांना जमतच नसे, घरी साधी सबबसुद्धा सांगता यायची नाही. यांनी सलाम केला, बोलायला तोंड उघडलं आणि खोकायला लागले. असा खोकला मी त्या आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. कमरेत वाकून, छातीला हात लावून, थांबेचना. साहेबांनी खिशातला रुमाल काढून नाकाला लावला.

"क्या बीमारी है इसको?" त्यांनी चाऊसांना विचारलं.

चाऊसांनी बांधावर चढून एकवार चरात पाहिलं. मी त्यांना दिसले, धाबळी दिसली, धाबळीखालून बाहेर आलेले खूरही दिसले असणार. "दिक़ है हुज़ूर," ते म्हणाले. दिक़ म्हणजे क्षय. "दूर रहो."

साहेब मागं फिरले. मोटारी गेल्यावर चाऊस स्वतः चरात उतरले आणि तिघांनी मिळून ती हरिणी काठावर चढवली. धाबळी काढली. ती क्षणभर उभी राहिली, कान हलवले, आणि मग तिथं नव्हती. चाऊस तिच्या मागं बघतच राहिले. जनावर आहे, उडतं, असं काही त्या दिवशी म्हणाले नाहीत.

तो खोकला खरा होता का, हे मी यांना पुढं कितीदा तरी विचारलं. "मला तरी कुठं ठाऊक हाय?" एवढंच हे म्हणायचे.

फाल्गुनापर्यंत यांची कसर गेली, अंग भरलं, शाळा सुरू झाली. आता रोज जायचं काही कारण उरलं नव्हतं. पण शाळेला शुक्रवारी सुट्टी असायची, आणि दर जुम्म्याला आम्ही रमन्यात जायचो. घरात कोणी अडवलं नाही. सासूबाई फक्त विचारायच्या, "आज काय दिसलं?" मी सांगायची, लांडगा दिसला, खोकड दिसलं. त्या भाकरी थापत ऐकायच्या.

पुढं निजामाचं राज्य गेलं. त्याआधीच्या धामधुमीत गावाबाहेर पडायची सोय राहिली नव्हती. चाऊस त्या गडबडीत कुठं गेले, ते आम्हाला कळलं नाही. हे खूप दिवस चौकशी करत होते. रमन्याची जमीन लोकांना कसायला मिळाली, चर बुजले. तिथली ज्वारी मी पाहिली आहे. चांगली येते.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, यांचा खोकला गेला त्या वर्षीच्या श्रावणातलं. एका जुम्म्याला आम्ही निघालो तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मलाबी न्या एकदा." देऊळ आणि नातेवाइकांची लग्नं सोडून त्या कुठं गेलेल्या नव्हत्या. यांनी छकडा जुंपला.

चाऊसांनी सासूबाईंना पाहून वाट सोडली, बैल धरून छकडा बांधाजवळ नेला. गवत हिरवं, गुडघ्याइतकं होतं. थोड्या वेळानं लांबून आवाज आला, रिकाम्या रांजणात कोणी हुंकारावं तसा. पुन्हा आला. मग गवतातल्या एका उंचवट्यावर एक पक्षी चढला. माळढोक. उभा राहिला तर माझ्या छातीला लागला असता. डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी. बघता बघता त्याची मान फुगायला लागली. गळ्याखाली पांढरी पिशवी लोंबली, फुगत फुगत गवताला टेकली, शेपटी पाठीवर उलटली, पंख खाली सुटले. पक्ष्याचा आकारच राहिला नाही, पांढरा ढग जमिनीवर उतरल्यासारखा तो उभा होता आणि आतून तो हुंकार येत होता. छकड्याच्या लाकडाला तो हुंकार जाणवत होता.

सासूबाई छकड्यात उठून उभ्या राहिल्या. यांनी त्यांना आधार दिला.

"हे कुणासाठी करायलाय तो?" त्यांनी हळूच विचारलं.

"मादीसाठी," हे म्हणाले.

"कुठं हाय ती?"

आम्ही सगळेच शोधायला लागलो. चाऊसही बांधावर चढून कपाळावर हात धरून बघत होते. मादी कुठंच दिसत नव्हती. तो मात्र सावकाश फिरत होता, चारी दिशांना तोंड करून हुंकारत होता. ऊन वर आलं. स्वयंपाकाची वेळ टळली. मी सासूबाईंकडं पाहिलं, त्या काही हलायला तयार नव्हत्या. मामंजी पूजा आटोपून उपाशी बसले असतील हे त्यांना माहीत होतं.

घरी पोचलो तेव्हा मामंजी ओट्यावर होते. "इतका वेळ काय करत होता तिथं?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी पाय धुतले, आत जाऊन चूल पेटवली. ताट वाढलं. मग ताटापुढं बसून, भाकरी मोडून देता देता, त्यांनी मामंजींना सांगायला सुरुवात केली. हातांनी गळ्याखाली पिशवी करून दाखवली. मोठ्यांसमोर सुना बोलत नाहीत, म्हणून मी दाराआड उभी राहून ऐकत होते. मामंजींचा घास हातातच राहिला होता.

पुढच्या जुम्म्याला आम्ही अंगणात आलो तर सासूबाई आधीच छकड्यात जाऊन बसल्या होत्या, आणि मामंजी बैलांना पाणी पाजत होते. त्या दिवशीची पूजा त्यांनी पहाटेच उरकली होती.