ज्योत्स्नाचा हेवा

ज्योत्स्ना गेल्याचं मला ऑफिसातल्या फोनवर कळलं. जुन्या कंपनीतला सावंत बोलत होता. "अलका, आपली ज्योत्स्ना गं... कावीळ झालेली. आठ दिवसांत सगळं संपलं." मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आता माझ्यापेक्षा सरस काम करणारी मुलगी माझ्या ओळखीत उरली नाही. रडू नंतर आलं. त्याला आता सहा आठवडे झाले. मी तिची मैत्रीण म्हणवते, लोकही तसंच समजतात. पण आमच्या ओळखीतला बराचसा काळ मी तिचा हेवा करण्यात घालवला, आणि ते न सांगता तिच्याबद्दल काही लिहिणं मला जमणार नाही.

आम्ही ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत भेटलो. मी डोंबिवलीची, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली, वडील बँकेत. ती कळव्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. आई बाजारात मासळी विकायची आणि हिने संध्याकाळच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. पहिल्याच दिवशी डबा उघडून मला म्हणाली, "काय गो, तू जवळा खातेस का?" मी मासळी खात नाही, म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्यासाठी वेगळी भाकरी आणि वांग्याचं भरीत आणायला लागली. तिची इंग्रजी पत्रं मी दुरुस्त करून द्यायचे, आणि तेव्हा मला फार बरं वाटायचं. तोपर्यंत सगळं ठीक होतं.

मग कल्याणच्या एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचं काम आलं. दुकानदारांनी आपापल्या कॉम्प्युटरवरून ऑर्डर द्यायची, असं काहीतरी त्यांना हवं होतं. त्या वेळी हे अगदीच नवीन. जावा आम्ही दोघीही शिकतच होतो. पानं तयार करायला एक फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रॅमचा तयार सांगाडा, डेटाबेसशी बोलायला दुसरं, ऑर्डरची फाइल वाचायला तिसरं, बिलं छापायला चौथं. वेगवेगळी चालवली की चारही गुणी, एकत्र आणली की पडद्यावर लाल अक्षरांची रांग. प्रोजेक्ट माझ्याकडे होता, ज्योत्स्ना मदतीला. मी दोन आठवडे सगळं एकदम मांडून झुंजत राहिले. शेजारी तिने गुपचूप एक रिकामं फोल्डर उघडलं, 'नमस्कार' एवढंच दाखवणारं एक पान चालवलं, मग त्यात एक भाग घातला, पुन्हा चालवलं, वहीत लिहिलं, मग दुसरा. मी हसून म्हटलं, "शाळेतल्यासारखं काय चाललंय?"

"मला एकदम नाय कळत गं सगळं," ती म्हणाली.

तिसरा भाग घातल्यावर बंद पडलं, त्यामुळे कुठे बिघडलं ते तिला नेमकं कळलं. सर्व्हरबरोबर एक जुनी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमची फाइल, आपोआप आलेली होती. त्या तिसऱ्या फ्रेमवर्कला तिचीच नवी आवृत्ती लागत होती, पण सर्व्हरला जुनी आधी सापडायची आणि तो तीच उचलायचा. ज्योत्स्नाने जुनी काढून नवी ठेवली. सगळं सुरळीत! साहेबांनी अख्ख्या ऑफिसला तिच्या टेबलापाशी बोलावलं, आणि कल्याणला ग्राहकासमोर तीच दाखवेल असं जाहीर केलं. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी थांबले ती मीच.

आदल्या दिवशी ग्राहकाच्या सर्व्हरवर सगळं बसवायला मला पाठवलं. मी नवी लायब्ररी फोल्डरमध्ये ठेवली, आणि तिच्या शेजारीच ती जुनी दिसली. काढायला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं. मी तिला हात न लावता कॉम्प्युटर बंद करून निघाले.

दुसऱ्या दिवशी मालक, त्यांचा भाऊ, दोन कारकून, आमचे साहेब, सगळ्यांसमोर लाल अक्षरं आली. ज्योत्स्ना माझ्याकडे वळली. "काल तू बघितलेलंस ना?"

"हो. सगळं ठीक होतं."

तिने खुर्ची पुढे ओढली. मग मालकांना म्हणाली, "शेठ, थोडा वेळ द्या, तुमच्यासमोरच पहिल्यापासून मांडते." आणि तिने रिकामं फोल्डर उघडलं. प्रत्येक भाग घालताना तो कशासाठी आहे ते ती कारकुनांना सांगत गेली. जुनी फाइल दिसली तेव्हा काही न बोलता तिने ती काढली. पाऊण तासात पहिलं बिल छापून आलं. मालक खूश, कारण त्यांना पहिल्यांदाच काहीतरी समजलं होतं. मी तिला पाडायला गेले आणि तिला आणखी उंच करून आले.

कल्याण स्टेशनबाहेर चहा पिताना ती म्हणाली, "नवी फाइल तूच ठेवलीस. जुनी तिच्या बाजूलाच होती. मी साहेबांना नाय सांगणार. पण मला का नाय सांगितलंस, तेवढं सांग."

"लक्षात आलं नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय कधीच काढला नाही. भाकरीही थांबली नाही, आणि मी ती खात राहिले. सहा महिन्यांनी मी नोकरी बदलली. पगार वाढल्याचं निमित्त होतं. तिचं पुढे काय चाललंय ते मात्र सावंतकडून विचारून घ्यायचे. तिला बढती मिळाली की माझा तो दिवस वाया जायचा.

मागच्या रविवारी कळव्याला तिच्या घरी गेले. तिची आई, हिराबाई, मला ज्योत्स्नाच्या खोलीत घेऊन गेली. टेबलावर हप्त्याने घेतलेला कॉम्प्युटर, त्यावर लुगड्याच्या तुकड्याचं आच्छादन. मी तिथल्या पलंगावर बसून सगळं सांगून टाकलं. जुनी फाइल, खोटं, सगळं. ती ओरडेल, घराबाहेर काढेल, असं वाटलं होतं. किंबहुना तिने तसं करावं, असंच वाटत होतं.

"मना ठावं हाय," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांजेला घरी येऊन सांगितलंन तिनं."

"काय म्हणाली?"

"हसत आली. म्हनाली, आये, आज एक शिकलेली पोर माझ्यावर जललीय." हिराबाईने डोळ्याला पदर लावला. "आमचे घरातल्या कोनाचा कोनी हेवा करावा, असं कधी झालंच नव्हतं गो पोरी. लय खूश होती त्या दिवशी. मना म्हनाली, सुरमई कर."

हिराबाईने आच्छादन उचलून कॉम्प्युटरची काच पदराने पुसली. रोज पुसते म्हणाली. सुरू करता येत नाही, पण धूळ बसू देत नाही. मी म्हटलं, "सुरू करून दाखवू?" ती तिथेच जमिनीवर बसली. "दाखव," म्हणाली. "पन सावकाश. मना एकदम नाय कलत."