गाडीच्या कडीतला करंट

माझ्या आत्याने लग्नाआधी तीन मुलं पाहिली, आणि तिन्ही घरांत खुर्चीवर बसायच्या आधी पर्समधून टेस्टलॅम्प काढून भिंतीवरचं सॉकेट तपासलं. पहिल्या घरी अर्थिंगच नव्हतं. दुसऱ्या घरी ते न्हाणीघरातल्या नळाला गुंडाळलेलं होतं. तिसऱ्या घरी सगळं चोख निघालं आणि तिने तिथेच होकार देऊन टाकला. आतोबा अजून पाहुण्यांना सांगतात, "हिने मला नाही, माझ्या वडिलांच्या अर्थिंगला पसंत केलं." पाहुणे हसतात. आत्या हसत नाही, कारण त्यात हसण्यासारखं काय आहे हे तिला आजवर कळलेलं नाही.

बिस्किटांच्या कारखान्यात ती एकतीस वर्षं इलेक्ट्रिक खात्यात होती. परवान्यावर 'वायरमन' असं छापलेलं, आणि ते बदलून द्यायला कचेरीने नकार दिला, म्हणून ती सहीसुद्धा ठसक्यात 'वायरमन' अशीच करायची. निवृत्त झाल्यावर तिने घरोघरी अर्थिंगचं महत्त्व सांगायला सुरुवात केली आणि लोक तिला पाहून रस्ता ओलांडायला लागले. आमच्याकडे आली तरी आधी मीटरच्या बोर्डाकडे बघायची, मग आमच्याकडे. लिकेज झालं की आपोआप पडणारा स्विच बसवून घ्या, असं ती बाबांना सात वर्षं सांगत होती. बाबा सातही वर्षं 'पुढच्या महिन्यात' म्हणत होते. त्यांची थोरली बहीण ती, त्यामुळे तोंडावर नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती.

माझा काका, म्हणजे या दोघांचा धाकटा भाऊ, चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात भिंगं घासत होता. निवृत्त झाल्यावर जग बघायचं असं त्याच्या मनाने घेतलं आणि त्याने एक जुनी घरगाडी विकत आणली. आत दोन पलंग, शेगडी, छोटा फ्रीज, हात धुवायचं भांडं आणि पाणी तापवायची टाकी. त्याच्या फ्लॅटखाली जागा नव्हती, म्हणून ती आमच्या अंगणात, माझ्या खोलीच्या खिडकीशी उभी राहिली. मी घरूनच काम करत असल्याने पुढे जे घडलं ते सगळं मी खुर्चीतून पाहिलं.

गाडीला वीज हवी होती. आत्या तेव्हा लेकीकडे तीन आठवडे गेली होती, आणि काकाच्या मते ही ईश्वरी कृपाच होती. ताईला विचारलं तर ती आठ दिवस नुसती मोजमापं घेत बसेल, असं त्याचं म्हणणं. त्याने माझ्या टेबललॅम्पच्या सॉकेटमधून एक बारीक तपकिरी वायर खिडकीबाहेर सोडली आणि उरलेली रिळावर तशीच गुंडाळून ठेवली. गाडीचा प्लग तीन पिनांचा, वायरीच्या टोकाला भोकं दोन. काकाने थोडा विचार केला आणि लोखंड कापायच्या करवतीने तिसरी पिन कापून टाकली. ती शोभेला असते, असं त्याने मला समजावलं. दिवा लागला, फ्रीज घरघरला, काका पलंगावर आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा त्याला चहाला बोलवायला गेले आणि गाडीच्या दाराची कडी धरताच हात झटकत परत आले. हाताला मुंग्या येतात, म्हणाले. काकाने स्वतः धरून पाहिलं. येत होत्या खऱ्या. गाडी बरेच दिवस बंद होती, तिच्या अंगात रग साठली आहे, निघून जाईल, असा त्याने निर्वाळा दिला.

मग मास्तर आले. मास्तर म्हणजे समोरचे निवृत्त चित्रकला शिक्षक. डावा गुडघा धरल्यामुळे सहा महिने काठी घेऊन चालत होते. गाडी बघायला म्हणून आले, कडी धरली आणि धरूनच उभे राहिले. चेहऱ्यावर असा भाव, की लांबून कुणीतरी गातंय आणि ते कान देऊन ऐकताहेत. मग म्हणाले की उजव्या हातातून काहीतरी आत शिरलं आणि थेट डाव्या गुडघ्यापर्यंत गेलं. अंगणाला तीन फेऱ्या मारून त्यांनी काठी आमच्या भिंतीला टेकवली, आणि विसरून घरी गेले.

तिसऱ्या दिवशी ते शिलाईवाल्या काकूंना घेऊन आले. काकूंचा खांदा वर्षभर दुखत होता, कात्री उचलवत नव्हती. त्यांनी कडी दोन मिनिटं धरली आणि खांद्यात ऊब आल्याचं सांगितलं. चौथ्या दिवशी सातजण आले. त्यात एक बाई पोटदुखीवाल्या होत्या आणि एक गृहस्थ नुसतेच उदास. आठव्या दिवशी फाटकापर्यंत रांग गेली. काकाने बाक आणून टाकला. गाडीत चिखल जाऊ नये म्हणून दारापाशी रबराची जाड चटई त्याने आधीच पसरली होती, तिच्यावर उभं राहून लोक कडी धरत. नंबराच्या चिठ्ठ्या मी लिहून दिल्या. लपवत नाही. अक्षर माझंच होतं. मला वाटलं, बरं वाटतंय तर वाटू दे, आपलं काय जातं.

काकाचा चेहरा पालटला होता. चाळीस वर्षं लोक त्याच्या दुकानात येऊन 'अजून धूसर दिसतंय' म्हणत आले होते. आता माणसं त्याच्या अंगणात येऊन 'बरं वाटलं' म्हणत होती. अंगण आमचं होतं, पण ते त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. प्रवासाचं नावही तो काढीनासा झाला.

मग मास्तरांना शोध लागला. हात ओला असला की मुंग्या जोरात येतात. त्यावरून त्यांनी तर्क केला की पायही ओले असले तर औषध मुरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरून झारी घेऊनच आले. चटई गोळा करून बाजूला ठेवली, चपला काढल्या, दारासमोरच्या मातीवर झारीभर पाणी ओतलं आणि त्या चिखलात अनवाणी उभे राहिले. रांगेतले सगळे कौतुकाने बघत होते. मीही खिडकीतून बघत होते.

तेवढ्यात फाटकातून आत्या आली. स्टेशनवरून थेट, हातात बॅग. तिने रांग पाहिली, खिडकीतून आलेली वायर पाहिली, रीळ पाहिलं, मास्तरांचे पाय पाहिले. मास्तरांचा हात कडीपासून वीतभर अंतरावर होता.

"मास्तर," ती अगदी शांतपणे म्हणाली, "हात खिशात घाला."

एकतीस वर्षं यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोलून तिच्या आवाजाला एक धार आलेली आहे. मास्तरांनी हात खिशात घातले. रांगेतल्या सगळ्यांनीच घातले. ज्यांना खिसे नव्हते त्यांनी हाताची घडी घातली. आत्या घराला वळसा घालून गेली, मेन स्विच खाली पडल्याचा खटका ऐकू आला आणि माझ्या डोक्यावरचा पंखा थांबला.

परत येऊन तिने आधी सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं. मग रबरी हातमोजे, मीटर, आणि मेन स्विचपाशी बाबा. मेन क्षणभर चालू करायला लावून तिने गाडीचा पत्रा आणि जमीन यांच्यामधलं व्होल्टेज मोजलं. एकशे सतरा व्होल्ट. मेन पुन्हा बंद. पाणी तापवायच्या टाकीतली कॉइल आतून फुटली होती आणि तिच्यातला करंट गाडीच्या सगळ्या पत्र्यात पसरला होता. तिने कापलेला प्लग काढून हातात घेतला. काका जवळ आला आणि बाकीची पिन कुठेतरी जपून ठेवलीय, असं काहीतरी पुटपुटला.

"विजेला जमिनीत जायचं असतं," आत्या त्याला म्हणाली. "तिच्यासाठी तो तिसरा रस्ता ठेवलेला असतो. तू तो कापलास, म्हणून ती मास्तरांच्या गुडघ्यातून गेली. ही चटई होती म्हणून अगदी थोडीशी गेली. आज चटई नव्हती."

काका बाकावर बसला. फाटकाबाहेरून परत आलेले मास्तरही बसले. मी उरलेल्या चिठ्ठ्या फाडल्या.

एवढ्यावर प्रकरण संपायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी मास्तर सुंदर वळणदार अक्षरातला अर्ज घेऊन आले, खाली अकरा सह्या. उपचार एकाएकी बंद झाल्याने रुग्णांचे हाल होत आहेत, तरी ताईंना योग्य वाटेल इतक्या सौम्य प्रमाणात गळती पुन्हा सुरू करावी, अशी विनंती होती. शिलाईवाल्या काकू तोंडी म्हणाल्या की रोज जमत नसेल तर रविवारी तरी. आत्याने अर्ज उभ्याने वाचला, 'विद्युत' या शब्दातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त केली आणि परत दिला.

मग चार दिवस काम चाललं. अंगणात अर्थिंगसाठी खड्डा खणायचा होता, तो काकाने एकट्याने खणायचा असं आत्याने ठरवलं, आणि काकाने तो खणला. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, माती, पाणी. बोर्डावरून गाडीसाठी वेगळी लाइन, तिला स्वतःचा स्विच, आणि सात वर्षं रखडलेला तो लिकेजचा स्विचही एकदाचा बसला. बाहेरच्या भिंतीवर झाकणाचं सोळा अँपिअरचं सॉकेट आलं, करंगळीपेक्षा जाड केबल आली, गाडीत नवी कॉइल, नवा प्लग. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवली की तापते आणि वितळते, म्हणून ती पूर्ण उलगडून जमिनीवर सोडायची. गाडीतलं सगळं आधी बंद करायचं, मग केबल आधी गाडीला, नंतर भिंतीला, आणि सगळ्यात शेवटी स्विच. काढताना बरोबर उलटं. हे तिने काकाकडून वीस वेळा म्हणून घेतलं. शेजारून जाणाऱ्यांनाही पाठ झालं.

पाचव्या दिवशी जोडणी झाली. सगळी रांग बघायला आली होती. आत्याने लिकेजच्या स्विचवरचं चाचणीचं बटण दाबलं, स्विच खटकन पडला, तिने तो परत वर केला. मीटर लावलं, शून्य. आणखी दोनदा लावलं. मग चपला काढल्या, ओल्या मातीत उभी राहिली आणि घड्याळ बघत दोन मिनिटं कडी धरून राहिली. काही झालं नाही. आतोबा काळजीने आदल्या रात्रीपासून जेवले नव्हते, ते तेव्हा जेवायला घरी निघाले.

आता कळलं ना, असं ती म्हणाली आणि मास्तरांना पुढे बोलावलं. मास्तरांनी कडी धरली, डोळे मिटले.

"आलं," ते म्हणाले.

"काय आलं? शून्य आहे मास्तर. मी आत्ता मोजलं."

"आधी झिणझिण होती. आता नुसती शांतता येते." त्यांनी गुडघा वाकवून दाखवला. "ताई, हा करंट जास्त चांगला आहे."

शिलाईवाल्या काकूंनी धरून पाहिलं आणि दुजोरा दिला. उदास गृहस्थ म्हणाले, आधीचा जरा उग्र होता. दहा मिनिटांत रांग पुन्हा फाटकापर्यंत गेली.

आत्या दोन दिवस भांडली. मीटर हातात धरून एकेकाला शून्य दाखवलं. लोकांनी शून्य आदराने पाहिलं. तिने माझ्याकडून 'येथे करंट नाही' अशी पाटी करून घेऊन गाडीवर लावली. लोक पाटी वाचून तिच्याखाली उभे राहू लागले. तिसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत येऊन बसली. मला वाटलं रडणार आहे. ती म्हणाली, "कारखान्यात एकतीस वर्षं कुणी दगावलं नाही. कधी कुणी आभार मानले नाहीत, कारण काही झालंच नव्हतं. आणि इथे करंट नाही, तर त्याचे आभार मानायला माणसं रांग लावतात."

मग तिने वही मागून घेतली. ज्याला कडी धरायची असेल त्याने आधी घरचं अर्थिंग तपासून घ्यायचं, अशी अट घातली. आजवर जी माणसं तिला बघून रस्ता ओलांडत होती ती मुकाट्याने पत्ता लिहून देऊ लागली. महिन्याभरात तिने एकोणीस घरं पाहिली, चौदा घरांत अर्थिंग नव्हतंच. शिलाईवाल्या काकूंच्या मशीनची मोटर तर वर्षभर त्यांना बारीक बारीक झटके देत होती, आणि त्यांना वाटायचं खांद्यात वात भरलाय. आत्याने मोटर दुरुस्त केली, खांदा दुखायचा थांबला. काकूंनी श्रेय गाडीला दिलं. आत्याने वाद घातला नाही, वहीत खूण केली.

काका एक दिवस अचानक प्रवासाला निघाला तेव्हा लोक थोडे नाराज झाले, पण मास्तरांनी काठीशिवाय फाटकापर्यंत जाऊन निरोप दिला. पहिल्या दोन फेऱ्या तो एकटाच गेला. तिसऱ्या वेळी हट्टाने आत्या-आतोबांना घेऊन गेला, एका तळ्याकाठी, जिथे अशा गाड्या उभ्या करायची सोय आहे. आत्या उतरताच मीटर घेऊन तिथल्या सॉकेटकडे गेली. अर्थिंग ठीक, वायर ठीक, स्विच ठीक. राखणदाराला तिने उलटसुलट बरंच विचारलं, त्याने सगळ्याची नीट उत्तरं दिली. दुपारी काकाचा बाबांना फोन आला, इतक्या हळू आवाजात की बाबांना काहीतरी अशुभ वाटलं.

"काही नाही रे," काका कुजबुजला. "ताईला इथे एकही चूक सापडली नाही. थोडा वेळ नुसती बसून होती, मग आत जाऊन पलंगावर आडवी झाली. दोन तास झाले, अजून झोपलीय. भाऊजी म्हणतात, लग्नानंतर तिला दुपारी झोपलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. ते दारात खुर्ची टाकून बसलेत आणि कुणाला तिकडून जाऊ देत नाहीत."