स्नेहलचा आरसा आणि दसऱ्याचं कुंकू

सापगावच्या धाऊदादांची स्नेहल फिजिक्स शिकली आणि वाशिंदच्या एका लहानशा कारखान्यात लेझरचे आरसे आखायला लागली. शेजारच्या गुणाबाईंनी पहिल्याच महिन्यात विचारलं, "गो, मंग एक आमाला दे की भांग पाडायला."

"काकी, त्यात तोंड धड दिसत नाय."

"मंग इतकं शिकून काय केलंस?"

गावाला हा प्रश्न रास्त वाटला. उत्तर मला धाऊदादांच्या ओटीवर चहा पिऊन पिऊन मिळालं, ते असं. हा लेझर उजेडाचा एवढा आखूड झटका मारतो, की त्याच्यापुढे पापणी लवणं म्हणजे म्हशीची चाल वाटावी. झटक्यात रंग पुष्कळ. काचेतून जाताना तांबडा पुढे पळतो, निळा मागे रेंगाळतो. वऱ्हाडात पोरं पुढे आणि म्हाताऱ्या मागे, तसं. मग झटका फाकतो. स्नेहलच्या आरशावर पातळ थर असतात, एकावर एक. तांबड्याला ती खालच्या थरापर्यंत धाडते, निळ्याला वरूनच परतवते. पळणाऱ्या पोरांना वाटेतल्या विहिरीवर पाण्याला पिटाळायचं, की वऱ्हाड मांडवात एकदम शिरतं. कुठला थर किती जाड, हे ठरवणं तिचं काम. शिवाय झटक्याचा जोर असा, की आखणी चुकली तर आरसाच जळतो.

दोन हजार सहाच्या सुमारास तिचा नमुना टिकला आणि परगावच्या एका प्रयोगशाळेने आरसे मागवले. मालक म्हणाले, "ही खेप टिकली तर आरसे. नाहीतर आपल्या चष्म्याच्या काचा बऱ्या." म्हणजे स्नेहलची कित्येक वर्षांची आखणी कपाटात जाणार.

खेप दसऱ्याला थर चढवायच्या मशीनमध्ये गेली. बाहेर आल्यावर तपासणीत पहिला आरसा जळला. दुसराही जळला.

नमुना टिकला होता, म्हणून मालकांनी आखणी सोडून माणूस धरला. मशीन चालवणारा जैतू दर दसऱ्याला पूजेसाठी हटून बसायचा. स्नेहलनेच त्याला बजावलं होतं, "जैतूदादा, या खोलीत उदबत्ती नाय, फूल नाय. कण बसला तरी आरसा जळतो."

"तूच केलीस ना चोरून पूजा?" मालक म्हणाले.

"नाय साहेब, देवाशप्पथ! मॅडमनी मला नारळ पण गेटवर फोडायला लावला."

"उद्यापासून येऊ नकोस."

स्नेहलने न तपासलेला एक आरसा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. थरांखाली तांबूस कण होते.

दसऱ्याच्या सकाळी धाऊदादा म्हणाले होते, "आमी कोयता पुजतो, नांगर पुजतो. तू जिच्यावर जेवतेस त्या मशीनला कुंकू नाय?" आणि पुडी हातात दिली होती. जैतू नारळ घेऊन गेटवर गेला, तेवढ्यात स्नेहलने मशीनच्या दाराला आतल्या अंगाने कुंकवाचं बोट टेकवलं. एवढंसंच, कुणाला दिसू नये असं. मग पंपाने आतली हवा ओढली आणि कुंकू उडालं.

गप्प बसली असती तर आखणी वाचत होती, नोकरीही. जायचा तो जैतू.

ती मालकांसमोर गेली. "साहेब, कुंकू माझं."

अजून तिथेच उभा असलेला जैतू मालकांच्या आधी बोलला. "मॅडम, मला दम दिलात आणि स्वतः?"

"चुकलं, जैतूदादा."

"मला सांगायचं तरी! नारळाचं पाणी पण शिंपडलं असतं."

मालकांना हसू फुटलं, तिथे दोघांच्या नोकऱ्या वाचल्या. "पुन्हा कर," ते म्हणाले, "आखणी तीच, कुंकू नको." मशीन आतून घासून काढलं, नवी खेप लावली. टिकली. आरसे प्रयोगशाळेकडे रवाना झाले.

धाऊदादांनी हे मला कुणाला सांगू नको म्हणून सांगितलं. मी पाळलं, सापगावाबाहेर फारसं गेलेलं नाही.

पुढच्या दसऱ्याला स्नेहल आणि जैतूने तोड काढली. मशीनचा फोटो मोठा करून चौकटीत बसवला आणि गेटपाशी खुर्चीवर मांडला. जैतूने झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, मनसोक्त उदबत्त्या पेटवल्या. स्नेहल हात जोडून उभी. वाशिंदच्या बाजाराला निघालेल्या गुणाबाई ते बघून थबकल्या, डोक्यावर पदर घेतला.

"अगो बाय! कोण गेलं रे?"

"कोणी नाय काकी," जैतू म्हणाला. "जिती ऱ्हावी म्हणूनच फोटो पुजतोय."