एका बाजूनं कैची

छावणीत धम्मपाल मिस्त्रीचं सायकलचं दुकान आहे, म्हणजे पत्र्याखाली एक लोखंडी स्टँड आणि भिंतीला टांगलेल्या रिमा. चाक बांधण्यात त्याचा एकच हट्ट. ज्या चाकाला चेन ओढते, त्याच्या तारा कैचीतच भरायच्या, एकीवर एक चढवून. सरळ तारा दिसतात झकास, पण ओढ बसली की चाकाच्या मधला हब पिळतो. कुणी घाई केली की तो म्हणायचा, "शोभेचं चाक पाहिजे तर दुसरीकडं जा." आता तसं सांगायलाही गिऱ्हाईक उरलं नाही. पोरांच्या सायकली तयार चाकांच्या येतात, मोडलं की फेका.

त्या दुपारी पोरांनी रत्नमालाची तीनचाकी ढकलत आणली, ती आतच बसलेली. हातानं चालवायची, पुढाऱ्यांनी अपंगांना हार घालून, फोटो काढून वाटलेली. फोटो अजून चकाचक असतील. गाडीच्या चेनच्या चाकातल्या निम्म्या तारा तुटून लोंबत होत्या.

"दादा, आजच्या आज लागंल. गुलमंडीत दुकानापुढं फॉल-पिकोला बसते मी. उद्या नाय गेले तर शेठ माझ्या जागी मेघाला बसवणार."

"शेठला म्हणावं, फोटोवाल्यांना बसव."

"तोंड लई चालतंय तुमचं. तेवढं चाक चालवा."

धम्मपालला हसू आलं, ते तारांचा डबा उघडेपर्यंतच टिकलं. कैचीला लांब तार लागते. लांब तारा संपल्या होत्या आणि ठोकवाल्यानं आणणंच बंद केलं होतं. डब्यात उरलेल्या आखूड, सरळ भरल्या तरच पोचणाऱ्या. मग त्यानं तिच्याच मोडक्या चाकातल्या शाबूत तारा उपसल्या. त्या एकाच बाजूला पुरल्या. चेनच्या बाजूला जुन्या, कैचीत. पलीकडं नव्या, सरळ. असलं चाक त्यानं जन्मात बांधलं नव्हतं.

चाक झालं की प्रत्येक तार बोटानं छेडायची, ही त्याची सवय. नव्या खणखणल्या. जुन्यांतल्या काही बद्द वाजल्या. त्यांच्या टोकाच्या, तार आवळायच्या निपल गंजलेल्या, अजून आवळल्या असत्या तर तिथंच तुटल्या असत्या.

"ही बद्द वाजली," रत्नमाला म्हणाली.

"व्हय. चढावर जोर देऊ नको."

"हातानं चालवायची गाडी, दादा. जोर न देता चढंल का?"

तो पाना पुसत राहिला.

सकाळी ती दुकानावरून गेली, हात वर करून. धम्मपालनं हातातलं पंक्चर तसंच ठेवलं आणि गुलमंडीच्या वाटेवरच्या पुलाकडं कान दिला. मग स्वतःवरच चिडला, पान्यांचा डबा उचलला आणि तिच्या मागं चालू लागला. पुलापुढच्या चढावर ती अर्ध्यात थांबली होती. चेनच्या बाजूच्या तारा सुटलेल्या, रिम केळ्यागत वाकलेली.

मोडक्या चाकाकडची बाजू हातावर उचलून त्यानं गाडी गुलमंडीपर्यंत नेली. शेठच्या दुकानापुढं स्टुलावर मेघा बसली होती. मशिनचं तोंडही तिनं आपल्या सोयीनं फिरवून घेतलं होतं. रत्नमालाकडं बघून तिनं मान खाली घातली.

"चला माघारी," रत्नमाला म्हणाली. "आता हळू ढकला, दादा. घाई नाय."