गेरूचा बाण

त्या उन्हाळ्यात आमच्या शहराच्या जुन्या गल्ल्यांमधले लोक सकाळी उठले की आधी बाहेर येऊन स्वतःच्या घराची भिंत बघायचे. रस्ता रुंद होणार होता. कुठला आणि किती, ते नक्की कुणालाच माहीत नव्हतं. मोजणीची माणसं यायची, टेप लावायची, भिंतीवर लाल रंगाची रेघ ओढून जायची. रेघेच्या पुढचं सगळं जाणार. लोक त्याला निशाण म्हणायचे. ‘त्यांच्याकडं निशाण लागलं’ हे वाक्य ज्या दबक्या आवाजात बोललं जायचं, त्या आवाजात पूर्वी फक्त आजाराचं नाव घेत असत.

आमचं इतिहास मंडळ याच गल्ल्यांमधून फिरायचं. मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. उस्मानपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, तिच्यात दोन कपाटं आणि एक पंखा. अध्यक्ष म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे नुसतंच ‘सर’ म्हणतात. मी सचिव. बाकी जमतील तसे लोक. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही शहराच्या एखाद्या भागातून पायी फेरी काढतो. पत्रकावर शहराचं नाव छापत नाही, ‘आपलं शहर’ एवढंच लिहितो. नाव छापलं की फेरी राहते बाजूला आणि जुनं नाव की नवं, यावरून ग्रुपवर भांडण सुरू होतं.

पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आपोआप आलं. मी पत्रकांवरच वाढले आहे. वडील चळवळीतले, घरात पत्रकांचे गठ्ठे. त्या गठ्ठ्यांवर बसून मी जेवले आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवली. पत्रकात ‘कदाचित’ नसतं. आमच्या फेरीच्या पत्रकावर मी मोठ्या अक्षरात लिहायचे, ‘जे कुणी बघत नाही, ते पाडायला सोपं असतं. म्हणून या, बघा!’ सरांना हे वाक्य फार आवडायचं. मलाही आवडायचं. माझा त्याच्यावर विश्वास होता.

मंडळाची एक पद्धत होती. फेरीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही वाटेवर बाण काढायचो. जिथं थांबायचं तिथं बाणाखाली एक टिंब. मागं रेंगाळणाऱ्या लोकांना वाट सापडावी म्हणून. बाण गेरूचे. ऑइलपेंटनं जुना दगड खराब होतो, चुना पोपडे धरतो, गेरू मात्र ओल्या फडक्यानं निघून जातो. सरांचा याबाबतीत फार कटाक्ष. “दगडाला आपला त्रास नको,” ते म्हणायचे. दगडाचा विचार आम्ही इतका बारकाईनं केला होता. आणि आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, की गेरू लाल असतो.

त्या रविवारी सकाळी मी फेरीला निघायच्या तयारीत असताना मावशींचा फोन आला.

मावशी म्हणजे आमच्या फेरीतला सगळ्यांचा आवडता थांबा. त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला जुन्या नहरीचा एक दगडी मनोरा आहे. नहर जमिनीखालून जाते, आणि तिच्या पाण्याचा जोर सांभाळायला जागोजाग असे मनोरे बांधलेले होते. बरेचसे गेले. हा राहिला, कारण मावशींच्या सासऱ्यांनी त्याला टेकूनच घर बांधलं. ते वैजापूरकडचे, मेंढरं वळणारे. मेंढरं विकून शहरात आले तेव्हा एक तयार भिंत मिळाली याचाच त्यांना आनंद झाला असणार. आज तो मनोरा मावशींच्या स्वयंपाकघरात अर्धा आत आणि गल्लीत अर्धा बाहेर आहे. आतल्या कोनाड्यात त्यांचा पाण्याचा माठ असतो. “आमचं फ्रीज,” त्या फेरीतल्या लोकांना सांगायच्या आणि प्रत्येकाला तांब्याभर पाणी प्यायला लावायच्या. लोक दगडाला कान लावून पाण्याचा आवाज येतो का बघायचे. आवाज येत नाही. मावशी मात्र छातीठोकपणे सांगायच्या, “येतो की! कान साफ करून या.”

फोनवर त्यांचा आवाज ओळखू येईना.

“पोरी, घात झाला बघ. आमच्या भिताडाला निशाण लागलं.”

“कुठं, मावशी?”

“मनोऱ्याला. लाल. आन् पोरगं घण घेऊन बसलंय. म्हणतंय, दगडापायीच घर जानार, दगूडच ठेवत नाय. तू ये लवकर, तुला कायदं कळत्यात.”

मी गाडी काढली. वाटेत मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. नोटीस दिली का? सुनावणी झाली का? कुणाच्या सहीनं? पत्रकात वाढलेल्या माणसाला रागाची सवय असते, आणि राग असला की भीती वाटत नाही. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मी चांगलीच रागात होते.

मग मला भिंत दिसली. मनोऱ्यावर, डोळ्यांच्या उंचीला, लाल बाण. बाणाखाली एक टिंब.

तो मीच काढला होता. आदल्या संध्याकाळी मावशींकडं कुलूप होतं, म्हणून न सांगताच.

गल्लीत माणसं जमली होती. आरडाओरडा नव्हता, आणि तेच वाईट होतं. सगळे हळू बोलत होते आणि प्रत्येक जण मधूनच स्वतःच्या भिंतीकडं बघत होता. पलीकडच्या घरातले दाढीवाले चाचा मला म्हणाले, “बेटा, देखो ना. रेघ बी नईं मारे, सीदा तीर मारे. मतलब इदर से उदर तक पूरा जाता क्या?” त्यांनी बाणाच्या दिशेनं हात केला. बाण त्यांच्याच घराकडं होता. कुणीतरी त्याचा फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकलाही होता.

मावशींचा मुलगा मनोऱ्याशी उकिडवा बसला होता. वाळूजला कंपनीत आहे, रात्रपाळी करून आलेला, अंगात कंपनीचाच शर्ट. समोर घण आणि छिन्नी. दगडाचा एक टवका आधीच उडाला होता. आतला भाग ताज्या खोबऱ्यासारखा पांढरा दिसत होता.

गप्प बसता आलं असतं. फडकं आणून बाण पुसायचा आणि ‘मी बघते, बोलते त्यांच्याशी’ म्हणायचं. हे माझ्या मनात आलं, आणि ते आलं याचीही भीती वाटली.

“हा बाण मोजणीवाल्यांचा नाही,” मी म्हणाले. “आमच्या मंडळाचा आहे. फेरीसाठी. मी काढलाय.”

क्षणभर कुणाला अर्थच लागला नाही.

“तुमी काढला?” मुलगा उभा राहिला. “ताई, तुमी?”

“तुमकू दुसरा रंग नईं मिला?” चाचा म्हणाले.

मागून कुणीतरी माझ्या गाडीची चावी काढून घेतली. कुणी ते मला दिसलं नाही, फक्त काढल्याचा आवाज आला. एक बाई म्हणाली, “ही त्यांचीच असंल. आधी गोड बोलून आत येत्यात, मापं घेत्यात.” दुसरा कुणीतरी म्हणाला, “फोन बघा तिचा, फोटो असत्याल.” आणि फोटो होते. मावशींच्या स्वयंपाकघराचे, कोनाड्याचे, मनोऱ्याचे चारी बाजूंनी. ओढणीच्या टोकाला मी हात पुसत होते, आणि हातावर तर काहीच लागलेलं नव्हतं.

“तिला कोन हात लावंल तर बघा,” दारातून मावशी ओरडल्या. “माझ्या घरचं पानी प्यालीय ती. चावी दे रं तिची.”

चावी परत आली. पण मावशी दारातच थांबल्या, जवळ आल्या नाहीत.

“चूक झाली,” मी मुलाला म्हणाले. “पुसते. पण घण ठेवा. असा मनोरा आता दुसरा सापडायचा नाही. याची नोंद झाली, बोर्ड लागला, की उलट घर वाचेल तुमचं. कुणी हात लावू शकणार नाही.”

“व्हय? अन् आमी हात लावू शकनार का?”

मी उडालेल्या टवक्याकडं बघितलं.

“सांगा ना, ताई. तुमी शिकलेल्या. बोर्ड लागला तर मला खिडकी पाडता येनार का? माडी चढवता येनार का? उद्या म्हनत्याल, ऐतिहासिक वास्तूला टेकून चूल मांडली, उचला. रस्त्यावाले म्होरून खानार, इतिहासवाले मागून. मंग आमी कुठं ऱ्हायाचं, त्या नहरीत?”

कुणीतरी हसलं. तो हसला नाही. त्यानं घण दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, आणि तेव्हा मला दिसलं, की त्या गल्लीत सगळ्यात जास्त भ्यालेला माणूस तोच होता.

सरांनी मनोऱ्याला संरक्षण मिळावं म्हणून अर्ज करायचं ठरवलं होतं. पुढच्याच बैठकीत. तो अर्ज मीच लिहिणार होते, आणि झणझणीत लिहिणार होते. त्यात मावशींच्या चुलीचं काय, याबद्दल एक ओळही माझ्या डोक्यात नव्हती.

“काय केलं म्हणजे घण ठेवाल?” मी विचारलं.

तो मनोऱ्याकडं बघत राहिला. “हितं काय आहे ते कुनाला सांगायचं नाय. आनायचं नाय कुनाला. लिव्हायचं नाय. असं करा, की हितं कायबी नाय.”

मी मान हलवली. त्याला ते पुरलं नाही. “तोंडानं म्हना.”

“इथं काही नाही,” मी म्हणाले. आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध पत्रकं लिहिली, तेच वाक्य.

मावशींनी माठातलंच पाणी आणून दिलं, फडकंही. गेरू ओल्या फडक्यानं निघून जातो, पण आधी पसरतो. पहिल्या हातानं बाण गेला आणि त्याच्या जागी वीतभर लाल डाग झाला, आधीपेक्षा मोठा, आणि मागून लोकांचा श्वास ऐकू आला. मी घासत राहिले. पाणी लाल होऊन पायाशी आलं. दगडाच्या बारीक भोकांत रंग बसला होता तो नखानं काढला. फोटोसुद्धा तिथंच, मुलाच्या समोर, एकेक करून पुसले.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सर दिसले. मागं फेरीचे लोक, टोप्या घातलेले, पाण्याच्या बाटल्या घेतलेले, काही जणांबरोबर मुलं. गल्लीतली माणसं आपापल्या उंबऱ्यावर सरकली. मुलगा घणावर पोतं टाकून त्याच्यापुढं उभा राहिला.

सर उत्साहात होते. “अगं, तू इथं पोचलीस पण! बाण पुसला गेला का? या, मंडळी, आता आपण ज्या ठिकाणी...”

“सर, इथं काही नाही,” मी म्हणाले. “पुढं चला.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ओल्या दगडाकडं, उडालेल्या टवक्याकडं, पोत्याकडं. त्यांचा हात अर्धा वर गेलेला होता.

“पण पत्रकावर तर आहे,” मागून एक बाई म्हणाल्या. “पाण्याचा मनोरा. कान लावून ऐका, असं लिहिलंय.”

“छपाईची चूक आहे,” मी म्हणाले.

सरांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, “चला, मंडळी. पुढच्या वेशीच्या दरवाज्यापाशी थांबू.” लोक त्या मनोऱ्याला घासून गेले. एका लहान मुलीनं जाता जाता ओल्या दगडावर हात टेकवला आणि “मम्मी, केवढं गार!” म्हणाली. मी मुलाकडं बघायचं धाडस केलं नाही. मावशींनी त्या दिवशी कुणाला पाणी विचारलं नाही.

अर्ज गेला नाही. सर त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. एकदा फक्त म्हणाले, “उद्या तो पाडला गेला, तर तो होता हे सांगायला एक फोटोही नाही आपल्याकडं.” ते खरं आहे. आम्ही आता बाण काढत नाही. सर पुढं चालतात, मी मागं राहते, रेंगाळणाऱ्यांसाठी.

मुलानं मनोऱ्याच्या बाहेरच्या अंगाला सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि शेजारच्या भिंतीसारखा फिका हिरवा रंग दिला. मावशींनी फोन करून सांगितलं. “झाकला बघ. पर आतून हाय तसाच. पानी अजून गार ऱ्हातंय.” मग फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, “येशील तर एकटी ये.”

रस्त्याचं अजून ठरलेलं नाही. मोजणीवाले पुन्हा येणार असं लोक म्हणतात. हे मी लिहितेय, तेही न लिहायचं वचन मोडूनच. म्हणून गल्ली सांगितलेली नाही आणि घराच्या खुणाही जशा आहेत तशा ठेवलेल्या नाहीत. तरीही छापायला देताना हात अडखळतोय. मधूनमधून मी तिकडून जाते. घराशी थांबत नाही. वळणावर आले की आधी गाडी हळू करते आणि त्या हिरव्या भिंतीवर काही लाल दिसतंय का बघते.