पंच पडलेले शेअर

माझे यजमान एसटीत कंडक्टर होते, आणि निवृत्त झाल्यावरही कंडक्टरच राहिले. घरी पाहुणा आला तरी याच्याकडे सुटे आहेत का, अशा नजरेने त्याच्याकडे बघायचे. त्यांची निम्मी नोकरी जळगाव-धुळे गाडीवर गेली. आमच्या घरात शेअर आले तेही त्याच गाडीतून.

ऐंशीच्या दशकात एक एजंट रोज पुढच्या सीटवर बसून धुळ्याला जायचा. त्याच्या पिशवीत शेअरचे फॉर्म असायचे. पारोळा येईपर्यंत तो गाडीतल्या निम्म्या लोकांना सिमेंट कंपनीचे भागीदार करून टाकायचा. यजमानांनी दोन फॉर्म भरले, एक स्वतःच्या नावाचा, एक माझ्या. सोडतीत त्यांना काहीच लागलं नाही. मला शेअर लागले. त्याचा राग त्यांना बरेच दिवस होता.

शेअर म्हणजे तेव्हा कागद. जाड, गुळगुळीत, कडेने वेलबुट्टी, लग्नपत्रिकेपेक्षा देखणा. पुढे कंपनीने बोनस दिला, तेव्हा आणखी कागद आले. सगळे लोखंडी ट्रंकेत. शेअर माझ्या नावावर आणि ट्रंकेची किल्ली त्यांच्या करगोट्याला. मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण त्या कागदांची मला गरज नव्हती.

गरज पडली नव्वदच्या दशकाच्या शेवटी. मी घरी केळीचे वेफर्स तळून विकायची. रावेरकडची कच्ची केळी यायची, माल चांगला होता, पण गल्लीतल्या गिऱ्हाइकांवर धंदा वाढत नाही. मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या पेट्या बनवणारे एक चाचा होते. त्यांच्या कारखान्याशेजारचा त्यांचाच गाळा रिकामा झाला. संध्याकाळी सगळं गाव त्या रस्त्याने फिरायला जातं. मला तो गाळा हवाच होता.

चाचा म्हणाले, "अक्का, दसऱ्यापर्यंत थांबतो. त्यानंतर पंक्चरवाला तयारच आहे, डिपॉझिट हातात घेऊन बसलाय."

डिपॉझिटसाठी माझ्याकडे शेअरच होते. यजमान ते घेऊन ब्रोकरच्या कचेरीत गेले आणि तसेच परत आले. कागदाचे शेअर आता बाजारात चालत नाहीत म्हणे. आधी डिमॅट खातं उघडा, कागद जमा करा, मग विका.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेले. कचेरीत काउंटरवर एक बाई होती, पन्नाशीची, नाकावर चष्मा. मी तिला म्हटलं, "मी चौथी शिकलेय. मला कळेल असं सांगा, नाहीतर सांगू नका."

ती हसली. म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे कापूस आहे का?"

"माहेरी आहे. पिंपळनेरकडे."

"जिनिंगवर कापूस नेला की काय होतं? वजन होतं आणि सगळ्यांचा कापूस एका ढिगात जातो. तुमचं बोंड कुठलं हे कोणी शोधत नाही. तुमच्या नावावर वजन लिहिलेलं असतं. तसंच हे. मुंबईला एक मोठं भांडार आहे, डिपॉझिटरी म्हणतात. तिथे तुमच्या नावावर किती शेअर ते कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं राहील. विकले की तुमच्या नावातून वजा, घेणाऱ्याच्या नावात जमा. कागद पोस्टात हरवायला नको, सही जुळत नाही म्हणून मुंबईहून परत यायला नको."

हे मला पटलं. शेजारणीचे शेअर तसेच परत आले होते. तिने खरेदीच्या वेळी आडवी सही केली होती आणि विकताना तिरकी, एवढ्यावरून.

फोटो दिला, रेशनकार्ड दाखवलं, खातं उघडलं. मग त्या बाईने शेअरचे नंबर फॉर्मात उतरवले, मी सही केली. तिने पहिल्या कागदावर शिक्का मारला, डिमॅटसाठी जमा असा, आणि ड्रॉवरमधून पंचिंग मशीन काढलं. कंपनीच्या नावावर भोक पाडायचं, म्हणजे तो कागद परत कुणाला विकता येणार नाही.

यजमानांनी तिच्या हाताखालून सगळे कागद ओढून घेतले.

"पंच मारायचा नाही," म्हणाले.

"आबा, नियमच आहे."

"नियम मला सांगू नका. तीस वर्षं पंच मारलाय मी."

आणि निघाले. मी त्यांच्यामागे. घरी येऊन त्यांनी कागद ट्रंकेत टाकले, कुलूप लावलं आणि मग आपल्या बोलीत सुरू झाले. ते चिडले की अहिराणीतच बोलायचे.

"पंच पडना, तिकीट सरनं. समजनं का? बठ्ठं गयं."

"सगळं कुठे गेलं? खात्यात जाईल ना."

"खातं कुठे शे? दाखव. हातमा कागद नही, ते आपलं काय?"

मी भाकरी थापत होते. त्या माणसाचं म्हणणं मला कळत होतं, हेच वाईट. त्यांच्या आयुष्यात पंच एकदाच पडायचा आणि तिकीट तिथेच संपायचं. पंच पडलेलं तिकीट कोणी परत दाखवलं तर ते त्याला गाडीतून खाली उतरवत. असा माणूस स्वतःच्या शेअरला भोक कसं पाडू देईल? पण दसरा जवळ येत होता, आणि पंक्चरवाल्याला मी दोनदा त्या गाळ्यासमोर उभा पाहिला होता. एकदा तो दाराची रुंदी पावलाने मोजत होता.

आठवडाभर मी भांडले नाही. भांडण त्यांना आवडायचं. मग एका सकाळी चहा देताना विचारलं, "अहो, तपासनीस गाडीत चढला आणि एखाद्याच्या हातात तिकीट आहे पण त्यावर पंच नाही, तर काय व्हायचं?"

"घोळ," ते म्हणाले. "तसं तिकीट चालत नाही. कंडक्टरवर रिपोर्ट जातो."

"पैसे भरले असले तरी?"

"भरले असतील. पंच नाही म्हणजे प्रवास नाही."

"मग आपण तेच करतोय," मी म्हटलं. "पैसे भरलेत, तिकीट ट्रंकेत आहे आणि पंच नाही. बाजार आपल्याला गाडीत घेत नाही."

त्यांनी चहा संपवला. बशी पालथी घातली. "तू वकील व्हायला पाहिजे होतीस," म्हणाले, आणि करगोट्याची किल्ली सोडली.

कचेरीत गेल्यावर त्यांनी त्या बाईचं मशीन हातात घेऊन उलटंपालटं केलं. "हलकं आहे. धार गेली," म्हणाले.

बाई म्हणाली, "मग आबा, तुम्हीच मारा."

मला वाटलं रागावतील. त्यांनी खुर्ची ओढली, कागद एका रेषेत लावले आणि मारत सुटले. टक, टक, टक. एकही भोक वाकडं नाही. बाकीची माणसं काम सोडून बघायला लागली. बाईने पोच दिली, ती त्यांनी दोनदा वाचली आणि जुन्या सवयीने कानावर अडकवली.

मग वाट बघणं आलं. कागद कंपनीकडे जाणार, तिथे माझी सही ताडून बघणार, मग खात्यात शेअर जमा होणार. यजमान दर दोन दिवसांनी कचेरीत जायचे. बाईने शेवटी सांगितलं, "आबा, तुम्ही आलात म्हणून मुंबईची गाडी लवकर सुटत नाही." हे त्यांना समजलं. उशीर त्यांच्या ओळखीचा होता.

पोस्टमनने खात्याचं पत्रक आणलं तेव्हा मी केळी सोलत होते. साधा पातळ कागद, वेलबुट्टी नाही. माझं नाव, कंपनीचं नाव, पुढे आकडा. आकडा बरोबर होता. यजमानांनी तो ट्रंकेतल्या जुन्या वहीशी ताडला, मग चष्मा पुसून पुन्हा ताडला.

"आलेत," म्हणाले. एवढंच.

विकायला यावेळी कागद न्यावेच लागले नाहीत. खात्यातून शेअर द्या अशी एक चिठ्ठी मी सही करून दिली आणि घरी आले. सगळे विकले नाहीत, गाळ्यापुरते विकले. पैसे बँकेत आले तेव्हा दसऱ्याला थोडेच दिवस होते.

चाचांना चेक द्यायला आम्ही दोघे गेलो. पंक्चरवाला तिथेच बसला होता. चाचांनी चेक खिशात घातला आणि किल्ली पुढे केली. यजमान म्हणाले, "चला, झालं."

मी म्हटलं, "पावती?"

"अक्का, माझ्यावर भरोसा नाही का?"

"आहे. म्हणूनच साध्या कागदावर चालेल."

पंक्चरवाला हसला. चाचांनी एका खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा फाडून त्यावर पावती लिहून दिली. मी गाळा उघडला. आत पत्र्याचे तुकडे आणि उंदराच्या लेंड्या होत्या. झाडायला दुपार गेली. पहिल्या दिवशी नव्या भट्टीचा अंदाज न येऊन वेफर्स करपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत सगळा माल खपला, आणि पंक्चरवालाही एक पुडा घेऊन गेला. रोख.