काळ्या गाडीचा डावा दरवाजा

नागपूरच्या उन्हात काळी गाडी घेणारा माणूस शहाणा नव्हे, असं तांडापेठेतल्या त्या सगळ्या गल्लीचं मत होतं. गिरिधर बारापात्र्यांनी तरी काळीच घेतली. जुनी होती, पण काळीभोर. लग्नात नवरीला न्यायची कामं त्यांनी धरली आणि आयाबाया हौसेनं त्यांची गाडी मागू लागल्या. कोणी हसलं की गिरिधरभाऊ म्हणत, "पांढरी गाडी कुठून आली ते सांगते गा. काळी गाडी कोणाच्या घरी राहते ते सांगते."

घराणं उमरेडच्या विणकरांचं. लहानपणी ताणा लावायला शिकलेला हात पुढे स्टिअरिंगवर गेला, पण त्याचं वळण गेलं नाही. त्यांच्या बायकोला, पुष्पलताबाईंना, नवऱ्याचं गाडी धुणं बघायला फार आवडायचं. त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसायच्या आणि निवडायच्या कमीच.

ऊन गल्लीत उतरायच्या आधी गिरिधरभाऊ सुरुवात करीत. आधी नुसतं पाणी, धूळ आपणहून वाहून जाईपर्यंत. मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरी फक्त फडका खळबळायला. छतापासून खाली उतरायचं आणि हात सरळ चालवायचा, ताण्याच्या दोऱ्यासारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत. गोल घासलं की काळ्या रंगावर उन्हात कोळ्याची जाळी दिसतात. खाली पडलेला फडका पुन्हा गाडीला लागत नसे. बोअरचं पाणी चाकांपुरतं, कारण ते वाळलं की पांढरे डाग धरतं; बाकी अंगाला नळाचंच, तेही थेंब वाळायच्या आत टिपून घ्यायचं. उमरेड रोडची कोळशाची धूळ काळ्यावर दिसत नाही, म्हणून कोणी कोरडा फडका उचलला की ते ओरडायचे, "अरे बाबू, सँडपेपर मारून राहिला का?"

आणि एक वाक्य ते नेहमी ऐकवत. "ज्या दिवशी गाडी मनासारखी निघाली नाही, त्या दिवशी चावी खुंटीले."

या वाक्याची पुष्पलताबाईंना भीती वाटायची. सासऱ्यांचा माग विकला गेला तेव्हा त्या नव्या सून होत्या. त्यानंतर सासरे रिकाम्या खोलीकडे पाठ करून बसत ते मरेपर्यंत. जेवायला हाक मारली तरी मान तेवढी हलवीत.

म्हणून दिवाळीनंतर एका सकाळी डाव्या दरवाज्यावर वाळलेल्या पाण्याचे पांढरे गोल दिसले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. घाई झाली असेल. पुढच्या वेळी साबणाचा ओघळ राहिला, मग दरवाज्याच्या खालच्या अंगाला चिखल. गिरिधरभाऊ गाडीभोवती फेरी मारून समाधानानं म्हणाले, "आरसा झाला का नाही?"

"झाला जी," पुष्पलताबाई म्हणाल्या.

ते आंघोळीला गेले की त्या ओला फडका घेऊन उतरू लागल्या. आयुष्यभर भांडी घासलेला हात. तो ज्या तऱ्हेनं चालायचा तसाच गरगर चालला. डाग गेले. नवऱ्याच्या डोळ्यांवर पडदा उतरतोय हे त्यांनी ओळखलं होतं. पण डाग गेले की तीही गोष्ट गेल्यासारखी वाटायची.

माघात उमरेडला भाच्याचं लग्न होतं. परतताना त्या पुढच्या सीटवर होत्या. दिवस कलला होता. रस्त्यात एक म्हातारी काळ्या शेळीला दोरीनं ओढत होती. पुष्पलताबाईंना ती केव्हाची दिसत होती. गाडी मात्र हळू होईना.

"अजी! शेळी!"

ब्रेक कचकन लागला. म्हातारीनं दोरी सोडून कमरेवर हात ठेवले. "काहून गा, डोळे घरी ठेवून आला का?"

गिरिधरभाऊंनी काच खाली करून हात जोडले. गाडी पुढे निघाल्यावर पुटपुटले, "एकदम आली ना मधात."

ती एकदम आली नव्हती. पुष्पलताबाईंच्या मनात आलं, मागच्या सीटवर कोणाची तरी हळद लागलेली लेक असती तर? रोज सकाळी आपण डाग पुसत नव्हतो, हा माणूस चांगला पाहतो असा दाखला लिहून देत होतो, हे त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी गाडीला एका नवरीच्या पाठवणीचं काम होतं. गिरिधरभाऊंनी गाडी धुतली, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. डावा दरवाजा पुष्पलताबाईंनी पुसला नाही, होता तसा ठेवला.

"आरसा झाला का नाही?"

"मले नका विचारू. हात लावून पाहा."

ते हसले. पण विणकराच्या पोरानं तळवा टेकवला आणि दरवाज्यावरून खाली नेला. निम्म्यात हात थांबला. बोटांना चिखलाची कचकच लागली होती. ते वाकले, नाक टेकेल इतके जवळ गेले, तरी त्यांना ती दिसली नाही.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळीपासून. मी पुसून राहिली होती."

गिरिधरभाऊंनी गाडीकडे पाठ केली. पुष्पलताबाईंना सासऱ्यांची पाठ आठवली. आता हा माणूस ओट्यावर बसेल आणि बसूनच राहील, असं त्यांना वाटलं.

गिरिधरभाऊंनी खिशातून फोन काढून बायकोच्या हातात दिला. "शेजारच्या कुशलले लावून दे. म्हणावं, आजची नवरी तू तुझ्या गाडीत ने. जपून चालव म्हणावं, दुसऱ्याची लेक आहे." मग आत जाऊन चावी खुंटीला अडकवली आणि बाहेर येऊन म्हणाले, "चाल वं, ऑटो पाहू. डोळ्याच्या दवाखान्यात बसायले नंबर लागते."

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. एकामागून एक दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. चावी तेवढे दिवस खुंटीवर होती आणि गिरिधरभाऊंनी तिच्याकडे एकदाही हात नेला नाही. कुशलनं "काका, गल्लीतल्या गल्लीत तर चालवा" म्हटलं, त्यालाही, "डॉक्टर सांगन तेव्हा," एवढंच म्हणाले. येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःहून सांगायचे, "मले दिसत नव्हतं. बायकोनं धरलं." असं सांगायला लागणारी छाती किती जणांपाशी असते, हे पुष्पलताबाई मनाशी मोजत.

डॉक्टरांनी हो म्हटलं त्या सकाळी ते काळा चष्मा काढून गाडीपाशी गेले. ऊन नुकतंच दरवाज्यावर आलं होतं. डाव्या अंगाला जाळीच जाळी होती, गोल गोल, एकात एक.

"पुष्पे! गाडी घासली का भगोनं?"

"दिसून राहिलं का सगळं?" त्यांनी ओट्यावरूनच विचारलं.

"सगळं दिसून राहिलं. तुझ्या बांगडीची रेघ पण."

"पॉलिशवाल्याकडे न्या ना मग."

"निघतीन. पण रंगाचा एक पापुद्रा घेऊन जातीन. गाडीले असे किती पापुद्रे असते?" त्यांनी दुसरी बादली भरली, धुतलेला फडका पिळून बायकोच्या हातात दिला. "ये. डावीकडून तू. सरळ हात."

पुष्पलताबाईंचा हात दोन वेळा सरळ गेला आणि तिसऱ्यांदा वळला.

"सरळ वं! भगोनं नाही ते."

"भगोनं असतं तर कधीचं होऊन गेलं असतं," पुष्पलताबाई म्हणाल्या.

गिरिधरभाऊंनी दरवाजा आधी डोळ्यांनी पाहिला, मग तळवा टेकवून वरपासून खालपर्यंत नेला. मगच आत जाऊन खुंटीवरची चावी काढली.